श्रेयनामावलीतील रिकाम्या जागा

जर्मन अंमलाखालील फ्रान्समध्ये, म्हणजे १९४० ते १९४४ या चार वर्षांत, सुमारे २२० कथापट निर्माण झाले. त्यांतील कित्येक आजही रसिकमान्य आहेत. सबब तो फ्रेंच चित्रपटाचा सुवर्णकाळ होय, असे विधान आपल्याकडील व्याख्यानांतून आणि आस्वादपर लेखांतून इतक्या सहजतेने केले जाते, की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरे विधान येते, की संकटातच कला बहरते. आणि तिसरे असे, की त्या दिग्दर्शकांनी जुलमी सत्तेच्या डोळ्यांत धूळ फेकून रूपकांच्या आडून स्वातंत्र्याचा संदेश दिला. तिन्ही विधाने ऐकायला गोड आहेत. माझ्या मते त्यांतील पहिले अपुरे आहे, दुसरे चुकीचे आहे आणि तिसरे बव्हंशी पश्चाद्बुद्धीने रचलेले आहे. शिवाय या तिन्हींच्या गोडव्यात एक प्रश्न बुडून जातो. त्या चित्रपटांच्या आरंभी जी श्रेयनामावली पडद्यावरून सरकते, तीत कोणाची नावे नाहीत आणि ती का नाहीत?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. कात्री जर्मनांच्या आधी खुद्द फ्रेंच प्रजासत्ताकाने हाती घेतली होती. ज्याँ रेन्वार यांचा 'ला रेग्ल द्यू झ्यू', म्हणजे 'खेळाचे नियम', हा चित्रपट जुलै १९३९ मध्ये पॅरिसला झळकला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. श्रीमंतांच्या वाड्यावरील शिकार, मेजवान्या आणि लफडी यांतून एका समाजाचा पोकळपणा दाखवणारा तो चित्रपट होता. रेन्वार यांनी तो कापून आखूड केला. पण तेवढ्यावर भागले नाही. सप्टेंबरात युद्ध पुकारले गेले आणि थोड्याच आठवड्यांत लोकांचे मनोधैर्य खचवणारा म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली. मार्सेल कार्ने यांच्या 'ल झूर स लेव्ह' या जून १९३९ मधील चित्रपटावरही पुढे हाच ठपका येऊन बंदी आली. व्हेनिसच्या महोत्सवावरील फॅसिस्ट वर्चस्वाला उत्तर म्हणून कान येथे १ सप्टेंबर १९३९ पासून भरायचा पहिला महोत्सव युद्धामुळे रद्द झाला, तो पुढे १९४६ साली भरला. मुक्त राष्ट्राचा चित्रपट आणि त्या राष्ट्राचे भय यांची गाठ अशी पराभवापूर्वीच पडली होती.

जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. १४ तारखेला जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले, २२ तारखेला तहनाम्यावर सही झाली आणि मार्शल पेताँ यांचे सरकार व्हिशी येथे बसले. पराभवाचे कारण सेनापतींच्या नकाशांत शोधण्यापेक्षा ते पडद्यावर शोधणे सोयीचे होते. कार्ने यांच्या 'के दे ब्र्यूम' या १९३८ मधील धूसर, निराश प्रेमकथेने तरुणांचा कणा मोडला, असे नवे नीतिरक्षक म्हणू लागले. वादळ आले म्हणून वायुभारमापकाला दोष देऊ नये, अशा आशयाचे उत्तर कार्ने यांनी दिल्याचे सांगितले जाते. उत्तर चोख होते; मात्र वायुभारमापकावर रोखलेले बोट माणसांकडे वळायला चार महिनेसुद्धा लागले नाहीत.

ज्यांना शक्य होते ते देश सोडून गेले. रेन्वार, रने क्लेर, ज्युलियँ द्युविव्हिए, माक्स ओफ्युल्स हे दिग्दर्शक अमेरिकेत पोहोचले. पिएर शनाल दक्षिण अमेरिकेत गेले. पुढे १९४९-५० मध्ये हुगळीकाठी येऊन 'द रिव्हर' चित्रित करणारे रेन्वार आपल्याकडे थोर पाहुणे म्हणून स्मरणात आहेत. ते अमेरिकेत मुळात विस्थापित म्हणून गेले होते, हे आपण सहसा आठवत नाही. ज्याँ गाबँ आणि मिशेल मॉर्गन हे लोकप्रिय नटनटीही तिकडे गेले, आणि गाबँ पुढे मुक्त फ्रान्सच्या सैन्यात दाखल झाला.

या साऱ्यांत मार्सेल दालिओ या नटाची कथा मला सर्वाधिक बोलकी वाटते. 'ला ग्राँद इल्युझियाँ' मध्ये त्याने रोझेंथाल या ज्यू युद्धकैद्याची भूमिका केली होती आणि 'खेळाचे नियम' मध्ये वाड्याच्या धन्याची, मार्क्विसची. तो स्वतः ज्यू होता. तो देशाबाहेर पडल्यावर त्याचेच छायाचित्र जर्मन प्रचारकांनी 'ज्यू माणूस कसा ओळखावा' हे लोकांना शिकवण्यासाठी भिंतींवर लावले. १९४२ साली हॉलीवूडच्या 'कासाब्लांका' मध्ये तो क्षणभर दिसतो; रिकच्या जुगारगृहातला, चाकावर पैज लावून घेणारा नोकर. श्रेयनामावलीत त्याचे नाव नाही. तीन वर्षांपूर्वी रेन्वारच्या वाड्याचा धनी असलेला माणूस परदेशी चित्रपटातला अनामिक नोकर झाला, आणि मायदेशी त्याचा चेहरा तेवढा नावारूपाला आला, तोही शिवी म्हणून.

आता 'संकट' या शब्दाकडे येऊ. आपल्या व्याख्यानांत हे संकट एखाद्या दुष्काळासारखे सर्वांवर सारखे कोसळलेले असते. प्रत्यक्षात ते कायद्याने वाटून दिलेले होते. ३ ऑक्टोबर १९४० च्या व्हिशी सरकारच्या कायद्याने ज्यूंना ज्या व्यवसायांतून वगळले, त्यांत चित्रपटाचे दिग्दर्शक, निर्माते, वितरक, पटकथालेखक आणि चित्रपटगृहांचे व्यवस्थापक यांचा स्पष्ट उल्लेख होता. हा कायदा जर्मनांनी लादलेला नव्हता. तो फ्रेंच मंत्र्यांनी आपल्या बुद्धीने केला. त्याचा एक मसुदा २०१० साली उजेडात आला आणि त्यावर पेताँ यांच्या हातच्या दुरुस्त्या आढळल्या. मूळ मजकूर त्यांनी अधिक कठोर केला होता. म्हातारा मार्शल बिचारा परिस्थितीचा बंदी होता, या सबबीला त्यानंतर फारसा आधार उरला नाही.

त्याच ऑक्टोबरच्या २६ तारखेला चित्रपटधंद्याच्या फेररचनेचा कायदा आला आणि डिसेंबरात धंद्याचे नियमन करणारी संघटन समिती स्थापन झाली. तिच्या बाजूने जे सांगितले जाते ते खोटे नाही. युद्धापूर्वी हा धंदा दिवाळखोरीने ग्रासलेला होता. समितीने निर्मात्यांना कर्जाची सोय केली, तिकीटविक्रीच्या हिशेबाला शिस्त लावली, एका खेळात दोन कथापट दाखवण्याची पद्धत बंद झाली आणि त्यामुळे लघुपटांना जागा मिळाली. पण याच व्यवस्थेत काम करण्यासाठी व्यावसायिक ओळखपत्र सक्तीचे झाले, आणि ते ज्यूंना मिळत नव्हते. एका टेबलावर कर्ज मंजूर होत होते, शेजारच्या टेबलावर माणूस नामंजूर होत होता. लघुपटांसाठी मोकळ्या झालेल्या त्या जागेचा एक उपयोगही नोंदवून ठेवू. १९४२ च्या 'लेझँकोन्यू दाँ ला मेझों' या कथापटाबरोबर 'ले कोरुप्तर' नावाचा ज्यूद्वेष्टा लघुपट दाखवला जात असे. रसिक रेम्यूचा अभिनय पाहायला जाई, आणि त्याच तिकिटात विषही घेऊन येई.

जर्मनांनी स्वतः काय केले? १९४० च्या शरदात आल्फ्रेड ग्रेव्हेन याच्या हाताखाली, जर्मन भांडवलावर, 'कॉन्तिनांताल' ही कंपनी पॅरिसमध्ये उभी राहिली. तिने अंमलाच्या काळात ३० कथापट काढले. १९४१ मध्ये आलेला क्रिस्तियाँ-झाक यांचा 'नाताळबाबाचा खून' हा त्यांतला पहिला. या चित्रपटांत नाझी प्रचार जवळजवळ नाही आणि यामुळे पुष्कळांचा गोंधळ उडतो. वास्तविक उलगडा सोपा आहे. मे १९४२ मध्ये बर्लिओझच्या जीवनावरचा 'ला सँफोनी फाँतास्तिक' हा कॉन्तिनांतालचाच चित्रपट पाहून गोबेल्सने रोजनिशीत संताप व्यक्त केला. फ्रेंचांना हलकेफुलके, पोकळ, जमल्यास थिल्लर चित्रपट पुरवावेत, एवढेच त्याला हवे होते. प्रचारासाठी वार्तापट होतेच. ते चालू असताना प्रेक्षक हुल्लड करीत, म्हणून चित्रपटगृहांतले दिवे चालू ठेवण्याची पाळी अधिकाऱ्यांवर आली. कथापटाने मात्र लोकांना दोन तास गप्प बसवावे, हीच त्याची राजकीय कामगिरी होती.

या पार्श्वभूमीवर सुवर्णकाळाचा आकडा पाहावा. व्याप्त प्रदेशात इंग्रजी आणि अमेरिकी चित्रपट बंद झाले होते. पुढे दक्षिणेतही ते बंद झाले. प्रेक्षकाला हिंडाफिरायला बंदी, घरात कोळसा नाही, संध्याकाळ काढायला चित्रपटगृह हेच ठिकाण. जर्मन चित्रपट त्याला नको होते. अशा बाजारात देशी चित्रपट खपला नसता तरच नवल. ज्या दुकानाचा शेजारी सक्तीने उठवला गेला आणि ज्याच्या निम्म्या भागीदारांना हाकलून त्यांचा वाटा उरलेल्यांत वाटला गेला, त्या दुकानाची भरभराट आपण व्यापारकौशल्याचा नमुना म्हणून सांगत नाही. चित्रपटांच्या बाबतीत तेवढी भीड का सोडावी?

यावर रूपकवादी म्हणतील, की आशय तर पाहा. कार्ने यांचा 'ले व्हिझितर द्यू स्वार' डिसेंबर १९४२ मध्ये आला. त्याच्या शेवटी सैतान प्रेमी युगुलाला दगडाचे करतो, पण त्या दगडातही त्यांची हृदये धडधडत राहतात. ती धडधड म्हणजे अंकित फ्रान्सचे जिवंत हृदय, हा अर्थ आता पाठ्यपुस्तकी झाला आहे. मी तो चुकीचा म्हणत नाही. प्रेक्षकांपैकी काहींना तो त्या वेळीही जाणवला असेल. परंतु रूपकाचा दोष असा, की ते कोणाच्याही हाती चालते. ज्याँ ग्रेमियों यांचा 'ल सिएल एतावू' फेब्रुवारी १९४४ मध्ये प्रदर्शित झाला. विमान चालवण्याच्या ध्यासाने झपाटलेल्या एका साध्या गृहिणीची ती कथा. कुटुंब, कष्ट आणि देश यांचा गौरव म्हणून व्हिशीच्या समर्थकांनी तो वाखाणला. झुकण्यास नकार देणाऱ्या सामान्य माणसाचा गौरव म्हणून प्रतिकारचळवळीच्या गुप्त पत्रांनीही तो वाखाणला. एकच चित्रपट दोन्ही छावण्यांना आपला वाटत असेल, तर त्याच्या रूपकावरून दिग्दर्शकाच्या धैर्याचे मोजमाप कसे करणार? ज्यांची निष्ठा उघड होती त्यांच्याबद्दल वादच नाही. आबेल गान्स यांनी आपला 'व्हेन्यूस अव्हग्ल' पेताँ यांना अर्पण केला होता.

'ले व्हिझितर द्यू स्वार' मध्ये धैर्य आहेच. पण ते दगडी पुतळ्यात शोधणे ही दिशाभूल आहे. या चित्रपटाचे मध्ययुगीन महाल अलेक्झांद्र त्रोनेर यांच्या कल्पनेतून आले आणि संगीतात जोसेफ कोस्मा यांचा वाटा होता. दोघेही हंगेरीतून आलेले ज्यू. दोघांनाही काम करण्याची मनाई. दक्षिणेतल्या एका डोंगराळ गावात कवी झाक प्रेव्हेर यांच्या आसऱ्याने राहून त्यांनी काम केले. नेपथ्याखाली नाव लागले जॉर्ज वाखेविच यांचे, आणि संगीताखाली मोरिस तिरिए यांचे. पुढच्या मोठ्या चित्रपटात त्रोनेर यांच्यासाठी आपले नाव लेओन बार्साक यांनी पुढे केले. नाव देणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. उद्या कोणी चौकशी केली तर सहीचा धनी मी, असे लिहून देणे. यात एकही रूपक नाही. एक माणूस दुसऱ्याला काम देतो, त्याची मजुरी पोचती करतो आणि गप्प राहतो. त्या काळातल्या चित्रपटसृष्टीचे नैतिक माप घ्यायचेच असेल तर ते येथे घ्यावे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्तही आहे. मग काय, बाकीच्यांनी कॅमेरे मोडून घरी बसायला हवे होते? इतक्या वर्षांनंतर आरामखुर्चीत बसून उपाशी माणसांना धैर्याचे धडे देणारे आपण कोण? मी असा धडा देत नाही. ज्यांच्या पणजोबांनी दरबारी चाकरीत हयात घालवली, अशा घराण्यांतील वाचकांना चाकरी आणि निष्ठा यांतले अंतर वेगळे सांगायला नको. ज्याँ-पोल ल शानवा यांचे मूळ आडनाव द्रेफ्यूस. ते कम्युनिस्ट होते, आणि चित्रपटकामगारांमध्ये प्रतिकाराची संघटना बांधत असतानाच ग्रेव्हेनच्या कंपनीसाठी पटकथा लिहीत होते. मोरिस तूर्नर यांच्या 'ला मँ द्यू दियाब्ल' ची पटकथा त्यांचीच. त्याच कंपनीत साहाय्यक दिग्दर्शक असलेले ज्याँ दव्हेव्र प्रतिकारचळवळीत होते. बर्त्राँ ताव्हेर्निए यांनी २००२ मध्ये 'लेसे-पासे' या चित्रपटात ती कथा सांगितली आहे. उलटपक्षी, चाकरी केल्याने संरक्षण मिळे असेही नाही. 'नाताळबाबाचा खून' मध्ये प्रमुख भूमिका करणारा थोर नट हॅरी बोर बर्लिनला जाऊनही काम करून आला; तरी १९४२ मध्ये गेस्टापोने त्याला पकडले, छळले आणि एप्रिल १९४३ मध्ये तो मरण पावला. त्यामुळे 'कोणाच्या कंपनीत काम केले' एवढ्यावर निवाडा करणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

मुक्तीनंतर नेमका तसाच निवाडा झाला. आँरी-जॉर्ज क्लुझो यांचा 'ल कोर्बो', म्हणजे 'डोमकावळा', १९४३ मध्ये कॉन्तिनांतालनेच काढला. एका गावात निनावी पत्रांचा सुळसुळाट होतो आणि प्रत्येक जण प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागतो, हा त्याचा विषय. पहिल्या महायुद्धानंतर त्यूल गावी गाजलेल्या खऱ्या प्रकरणावरून लुई शाव्हाँस यांनी ती कथा युद्धापूर्वीच लिहून ठेवली होती. ज्या देशात शेजाऱ्याविरुद्ध पोलिसांना निनावी पत्रे लिहिण्याची साथ आली होती, तेथे हा चित्रपट म्हणजे तोंडासमोर धरलेला आरसा होता. कॅथलिक परीक्षकांनी त्याचा धिक्कार केला, आणि गुप्त पत्रांतल्या देशभक्तांनीही फ्रान्सची बदनामी म्हणून त्यावर तोफ डागली. पुढे क्लुझो यांच्यावर आजन्म बंदीची भाषा झाली. शेवटी ती दोन वर्षांवर आली आणि १९४७ मध्ये ते पुन्हा चित्रपट करू लागले. प्रमुख भूमिकांतले पिएर फ्रेने आणि जिनेत लक्लेर तुरुंगात जाऊन आले. लोकांना गप्प बसवणारे चित्रपट सुटले आणि लोकांना अस्वस्थ करणारा सापडला.

शिक्षा चेहऱ्यांना झाली, कारण चेहरे पडद्यावर दिसतात. ओळखपत्रांच्या याद्या करणारे हात पडद्यावर दिसत नव्हते. व्हिशीच्या संघटन समितीची पुष्कळशी यंत्रणा ऑक्टोबर १९४६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे वारशाने आली. त्या केंद्राने नंतर जगाला हेवा वाटावा असे काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण वारसा कोठून आला याची वाच्यता फ्रान्सने पुष्कळ काळ टाळली. मार्सेल ओफ्युल्स यांचा 'ल शाग्रँ ए ला पितिए' हा अनुबोधपट १९६९ मध्ये तयार झाला. तो दूरचित्रवाणीसाठी केलेला असूनही फ्रेंच दूरचित्रवाणीवर यायला १९८१ उजाडले. हे मार्सेल म्हणजे १९४१ मध्ये देश सोडावा लागलेल्या माक्स ओफ्युल्स यांचे चिरंजीव.

राहिले ते संकटात कला बहरते हे विधान. त्याच्या परीक्षेसाठी एकच जुनी श्रेयनामावली पुरे. १९३४ मध्ये ह्युगोच्या 'ले मिझेराब्ल' वर रेमों बेर्नार यांनी भव्य चित्रपट केला. निर्मितीसंस्था पाथे-नाताँ; जाँ व्हालजाँच्या भूमिकेत हॅरी बोर. संस्थेचे चालक बर्नार नाताँ हे रुमानियातून आलेले ज्यू. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने स्वेच्छेने लढले होते. संस्था दिवाळखोरीत गेल्यावर त्यांच्यावर अफरातफरीचा खटला झाला आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या जातीचा जाहीर उद्धार केला. ते तुरुंगात असतानाच त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. सप्टेंबर १९४२ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्यांना जर्मनांच्या हवाली केले, तेथून आउश्विट्झ. ते परत आले नाहीत. दिग्दर्शक बेर्नार यांना ज्यू म्हणून अंमलाच्या काळात एकही चित्रपट करता आला नाही. बोर यांचे काय झाले ते वर आलेच आहे. निर्माता, दिग्दर्शक आणि प्रमुख नट, तिघांचाही असा निकाल लागला. संकटाने यांच्यापैकी कोणाची कला बहरली? जी बहरली ती संकटाबाहेर, नाही तर त्याच्या काठावर उभे असलेल्यांची. त्यांच्या कलेला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिचे श्रेय संकटाला देणे म्हणजे बुडालेल्यांच्या नावावर पुराचे गुणगान करणे होय.

पॅरिस ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झाले आणि मार्च १९४५ मध्ये कार्ने-प्रेव्हेर यांचा 'लेझाँफाँ द्यू पारादी' प्रदर्शित झाला. तीन तासांचा तो चित्रपट थोर आहे, हे येथे सांगायला नकोच. त्याच्या श्रेयनामावलीत त्रोनेर आणि कोस्मा यांची नावे आहेत, आणि त्यांनी लपून राहून काम केल्याची नोंदही सोबत आहे. त्या चार वर्षांत पुसल्या गेलेल्या नावांपैकी ही दोन भरून आली. नाताँ यांच्यासारख्यांची भरून येण्याजोगी नव्हती.

आपल्या मंडळांच्या चित्रपटशाखा हे चित्रपट अधूनमधून दाखवतात आणि दाखवत राहावेत. अपेक्षा एवढीच, की प्रास्ताविक करणाऱ्याने सुवर्णकाळाची वाक्ये म्हणण्यापूर्वी त्या वर्षी ओळखपत्र कोणाला नाकारले गेले होते, ते सांगावे. त्याला पाच मिनिटे पुरतील. मग दिवे मालवावेत आणि चित्रपट सुरू करावा.